काट मारण्याआधी

माझ्या नाकावर कायम राग असायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, आणि ती झाकत बसण्याचं माझं वयही आता राहिलं नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मॅट्रिक पास होते. आमच्या ढाणकीत मॅट्रिक झालेल्या मुली मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली असती, त्यामुळे मी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालायचे. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गावात मोठ्या बायांसाठी एक वर्ग निघाला. लग्नामुळे जिची शाळा सुटली असेल तिला दोन वर्षांत तयार करून बाहेरून मॅट्रिकला बसवायचं, अशी योजना होती. भाषा शिकवायला शाळेतले एक वयस्क मास्तर यायचे आणि गणिताला मी. मी फार हुशार म्हणून नव्हे. बायांना बीजगणित शिकवायला दुसरं कोणी तयारच होईना.

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत दुपारी बारा ते तीन वर्ग भरायचा. खोलीत सरकीची पोती रचलेली असायची. फळा एका पोत्याला टेकवून ठेवायचा आणि बाकीच्या पोत्यांना पाठ टेकून नऊ बाया बसायच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत नवाच्या चार व्हायच्या. ज्या यायच्या त्यांच्या लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि बोटांची टोकं बोंडांनी ओरखडलेली असायची. त्याच बोटांत पाटीवरची पेन्सिल धरून त्या माझ्याकडे बघायच्या, आणि मी त्यांच्यावर डाफरायचे.

मला स्वतःला बीजगणिताचं वेड लागलं ते यवतमाळला मामाकडे राहून शिकत असताना. नववीत एका दुपारी मास्तरांनी फळ्यावर एक अपूर्णांक लिहिला. वर क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, मध्ये आडवी रेघ, खाली क्ष वर्ग वजा चार. मग त्यांनी वरच्याचे अवयव पाडले, खालच्याचे पाडले. वर क्ष अधिक दोन आणि क्ष अधिक तीन असे दोन कंस झाले, खाली क्ष अधिक दोन आणि क्ष वजा दोन. दोन्हीकडच्या क्ष अधिक दोनवर त्यांनी तिरपी काट मारली. उरलं काय, तर वर क्ष अधिक तीन आणि खाली क्ष वजा दोन. एवढंच.

मास्तर म्हणाले, विश्वास बसत नसेल तर क्षच्या जागी सात घालून बघा. मी घातले. मूळच्या अपूर्णांकात वर नव्वद आले, खाली पंचेचाळीस. उत्तर दोन. सोप्या रूपात वर दहा, खाली पाच. उत्तर दोन. घरी येऊन मी अकरा घातले, मग शंभर घातले. शंभरला हात दुखला, पण दोन्हीकडून तेच आलं. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. देवळात गेल्यावर काहीतरी वाटतं म्हणतात, ते मला देवळात कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मामाच्या ओसरीवर वाटलं. एवढं अवजड दिसणारं काहीतरी आतून इतकं साधं असतं, आणि फक्त ते उकलून पाहायचं असतं, हे कोणी आपल्याला आधी का सांगितलं नाही, असं वाटून मला रडायला आलं. मामीला वाटलं मी नापास झाले.

हे सगळं या बायांना द्यायचं, अशी माझी जिद्द होती. द्यायची रीत मात्र माझी वेताच्या छडीसारखी होती.

पहिल्याच दिवशी अडलं. आकड्यांची त्यांना भीती नव्हती; बाजारहाट करणाऱ्या बाया त्या. पण आकड्यांच्या मध्ये अक्षर कायले, हे त्यांना कळेना. पुस्तकातला क्ष त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून मी क घेतला. आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं की क म्हणजे कोणीतरी. समजा एक माणूस आहे. आहे हे नक्की, पण कुठे आहे, कसा आहे, आपल्याला पत्ता नाही. त्याला आपण क म्हणायचं आणि शोधायचं. बायांना ते लगेच पटलं. मी माझ्यावरच खूश झाले. मागच्या पोत्याशी बसलेल्या ताईंनी त्या दिवशी मान वर केली नव्हती, हे मला फार नंतर आठवलं.

या ताई आमच्याच गावच्या लेक, तिशी ओलांडलेल्या. सासर पुसदकडचं. सहा वर्षांपूर्वी त्यांचे मालक बैलबाजाराला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. कोणी म्हणे नागपूरला गिरणीत दिसले, कोणी म्हणे माहूरला बैराग्यांच्या मेळ्यात पाहिले. चार महिने सासरच्यांनी वाट पाहिली आणि मग ताईंना मुलीसकट माहेरी आणून सोडलं. भाऊ चांगला होता, भावजयही वाईट नव्हती. पण पाहुणीचा मुक्काम सहा वर्षं चालला की चांगल्या माणसांचीही भाकरी थापताना आदळआपट होते. अशात तालुक्याच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं की मॅट्रिक झालात तर ग्रामसेविकेची जागा मिळू शकेल. पगार, राहायला खोली, मुलीची शाळा. फक्त वयाची अट होती आणि ताईंना ते वर्ष शेवटचं होतं. पुढच्या वर्षी पास होऊन काही उपयोग नव्हता. हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

आणि ताई हुशार होत्या. अवयव पाडण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. बेरीज पाच यावी आणि गुणाकार सहा यावा असे दोन आकडे सांगा, म्हटलं की बाकीच्या बोटं मोजायच्या आणि ताई पदर खोचता खोचता सांगायच्या, दोन अन् तीन. बारा आणि पस्तीस म्हटलं तरी तेच, पाच अन् सात. मला हेवा वाटायचा. पण अवयव पडले, दोन कंस खाली-वर समोरासमोर आले, आता काट मारायची एवढंच उरलं, की या बाईचा घोळ सुरू. वर कंसात क अधिक दोन, खालीही कंसात क अधिक दोन. ताई फक्त दोनवर काट मारायच्या. वरचा दोन जायचा, खालचा दोन जायचा, आणि क जागच्या जागी उभा. मग पुढचं सगळं मुसळ केरात.

एकदा चुकलं, दोनदा चुकलं, समजू शकते. पण रोज? मी समजावून सांगितलं की कंस म्हणजे बांधलेलं गाठोडं आहे. ज्वारीच्या पिठात बाजरीचं पीठ कालवलं की त्यातली ज्वारी परत वेगळी काढता येत नाही. तसं कंसातलं एकटं काही काढता येत नाही, काढायचं तर अख्खं गाठोडं काढायचं. ताई मान हलवायच्या. हो बाई, समजलं बाई. आणि पाटीवर पुन्हा तेच. आणखी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. बाकीच्या बाया 'क जातो', 'क येतो' म्हणायच्या. ताई अक्षराचं नाव न घेता 'थे', म्हणजे 'ते', म्हणायच्या. थे अधिक तीन. थे वजा दोन. मला वाटलं, अक्षर नीट उच्चारायचाही आळस.

दुसऱ्या वर्षीच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. त्या दिवशी मी उदाहरण घातलं, वर क वर्ग अधिक पाच क अधिक सहा, खाली क वर्ग अधिक तीन क अधिक दोन. आठ जणींची उत्तरं बरोबर आली. ताईंची पाटी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. दोन कापलेला, क उभा. मी सगळ्यांसमोर म्हणाले की ताई, एखाद्या दगडाला इतके दिवस सांगितलं असतं तर त्याने एव्हाना काट मारली असती. हे तुमच्यानं होणार नाही. उगीच फॉर्म भरू नका.

ताईंनी पाटी तळहाताने पुसली आणि ती मांडीवर ठेवून त्या तीन वाजेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मला वाटलं होतं त्या रडतील. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी विहिरीवर पाणी भरत होते. वर्गातली सगळ्यात वयस्क बाई, गावाबाहेरच्या तांड्यावरून चालत यायची ती, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. शब्द मोजून बोलायची ती बाई.

"बाई, तुम्ही तिले उगाच बोलल्या," ती म्हणाली. "थ्या अक्षरावरूनच तिच्या मालकाचं नाव हाये."

मी दोर हातात धरून उभीच राहिले. ताईंच्या मालकांचं नाव मला माहीत नव्हतं. गावात त्यांना सगळे जावईच म्हणायचे.

"आपण मालकाचं नाव तोंडानं घेत नाही," ती पुढे म्हणाली. "मंग त्याच्यावर काट कशी मारन थे? अन् तुम्हीच तं सांगतलं व्हतं, क म्हंजे असा माणूस का ज्याचा पत्ता नाही."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे लहान मुलीलाही ठाऊक असतं. माझी आई वडिलांच्या नावात येतं म्हणून एका फुलाचं नावसुद्धा घ्यायची नाही, 'थे पिवळं फूल' म्हणायची, आणि मी तिला हसायचे. जिचा नवरा ओसरीवर पान खात बसलाय तिची ही गत. ज्या बाईचा माणूस सहा वर्षं कुठे आहे ते माहीत नाही, तिला एकेका उच्चाराची केवढी धास्ती असेल. आणि मी तिच्या हातात पेन्सिल देऊन रोज सांगत होते, मारा काट. लाज वाटली, इतकी की घागर तिथेच ठेवून मी घरी गेले आणि आईची बोलणी खाल्ली.

माफी मागायची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन जणू काही झालंच नाही अशा आवाजात सांगितलं की आजपासून आपण क ऐवजी म घेऊ. बीजगणितात अक्षर कोणतंही चालतं. पुढे बसलेली एक चावट बाई म्हणाली की म्हंजे बाई, ताईनं आता दुसरा पाहावा म्हणता काय. सगळ्या पोत्यांवर पडून हसल्या. ताईसुद्धा पदराआड हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"दुसरा नाही, बाई," त्या म्हणाल्या. "अन् पेपरात थेच आले मंग?"

पेपर काढणारा अ घेईल, क्ष घेईल, क घेईल, त्याच्या मनावर होतं. पुस्तकात सगळीच अक्षरं होती. त्याच सकाळी फॉर्म भरून झाला होता. भावाने पैसे दिले होते आणि ताईंनी तो माझ्याकडे न बघता मास्तरांकडून भरून घेतला होता.

मग त्यांनीच विचारलं. किती दिवस मनात घोळत असेल कोण जाणे.

"काटलं म्हंजे काय व्हते, बाई? थे जातात कुठं?"

मी आजवर याचा विचार केला नव्हता. काटलं म्हणजे गेलं, असंच मी म्हणत आले होते. पण आता बोलताना जपायला हवं होतं. मी कच्या जागी सात घातले. सात अधिक दोन, वर नऊ. सात अधिक दोन, खाली नऊ. नवाला नवानं भागलं. नऊ भाकरी तुम्हा नऊ जणींत वाटल्या तर एकीला किती? एक. मी म्हणाले की पाहा, कुठे गेलं नाही. काटलं की त्याचा एक होतो. गुणाकारात एक लिहायची पद्धत नाही म्हणून दिसत नाही, पण तो तिथंच असतो.

"शून्य होत नाही?"

"नाही. एक होतो."

ताईंनी मान डोलावली आणि पाटी उचलली. पण मीच जरा हलले होते. आकडा दिसत नाही आणि तरी असतो, हे मी चार वर्षं करत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. खोलीतून निघताना मी फळा पुसला नाही. एवढं सोपं गणित पुसायला त्या दिवशी हात धजला नाही.

दोन दिवसांनी ताई वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. पाटीवर, मी त्यांना दगड म्हणाले त्या दिवशीचंच उदाहरण लिहिलेलं होतं.

"अन् बाई, थो कंसच शून्य असन तं?"

मी खडू घेतला. कंस शून्य व्हायचा तर कची किंमत वजा दोन असायला हवी. मी कच्या जागी वजा दोन घातले. वर चार वजा दहा अधिक सहा. शून्य. खाली चार वजा सहा अधिक दोन. शून्य. शून्य भागिले शून्य. याला काही अर्थच नाही. मग काट मारून सोपं केलेलं रूप घेतलं. वर एक, खाली वजा एक. उत्तर वजा एक. म्हणजे मुळात जिथे नुसतं भगदाड होतं, तिथे सोपं रूप काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने वजा एक दाखवत होतं. मी सात घातले होते, अकरा घातले होते, शंभर घातले होते. वजा दोन घालावेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क मिळवलेल्या माझ्या डोक्यात. आणि ही बाई, जिला मी दगड म्हणाले होते, ती थेट त्या एकाच जागेवर जाऊन उभी राहिली होती जिथे माझं सगळं गणित पाय घसरून पडत होतं.

मी त्यांना खरं सांगितलं. म्हणाले, ताई, मला माहीत नाही, उद्या सांगते. शिक्षक म्हणून हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले.

घरी जाऊन मी यवतमाळचं जुनं पुस्तक ट्रंकेतून काढलं. उदाहरणांच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ होती. छेद शून्य नाही असे मानले आहे. ती ओळ मी शेकडो वेळा पाहिली होती आणि तिला पत्राच्या मायन्यासारखी समजून पुढे गेले होते. आता वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. सगळी काटाकाट, सगळा तो चमत्कार, ज्याने मला मामाच्या ओसरीवर रडवलं होतं, तो त्या बारीक ओळीवर उभा होता. शाळेतल्या इतक्या मुलामुलींत कोणाला ती दिसली नाही. ताईंनी ती न वाचता शोधली होती, कारण त्यांना तिची गरज होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की शून्याला काटता येत नाही. काट मारायची असेल तर आधी मानावं लागतं की ज्याला आपण काटतो तो शून्य नाही. एवढं मानल्याशिवाय काट खोटी.

ताईंनी सावकाश, एकेक शब्द चाचपत म्हटलं, "म्हंजे जो हाये त्यालेच काटता येते."

"हो."

"जो नाहीच, त्याच्यावर काट नाही मारता येत."

"नाही येत."

त्यांनी पाटी पुढे ओढली. वरच्या कंसावर, क अधिक दोन या अख्ख्या गाठोड्यावर, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत त्यांनी काट मारली. मग खालच्यावर. हात सावकाश चालला होता. कोणी हसलं नाही, चावट बाईसुद्धा नाही. तांड्यावरच्या बाईने पदराने डोळे टिपले आणि मग पदराने पाटी पुसल्याचं सोंग केलं. मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मोठी माणसं करतात तशी एखादी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर होते आहे आणि आपण फक्त खडू धरून उभे आहोत, असं काहीतरी.

तेव्हापासून ताईंचे कंस अचूक कटू लागले. फक्त एक गोष्ट राहिली. कंसाबाहेर क एकटा आला, वरही क आणि खालीही क, की त्यांचा हात थांबायचा. त्या तेवढं सोडून बाकी सगळं सोडवायच्या आणि उत्तर अर्धवट ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या की कंसात जोडीला कोणीतरी असते बाई, इथं थे एकटेच हायेत. मी दामटलं नाही. माझ्यातही काही फरक पडला होता म्हणायचा. मनात मात्र हिशेब चालायचा की पेपरात एकटा क येण्याची शक्यता किती. सगळ्यांच्या वतीने मी देवाला एवढंच मागितलं की पेपर काढणाऱ्याला अ सुचू दे.

परीक्षा मार्चमध्ये, उमरखेडच्या केंद्रावर. चौघी बसणार होत्या. मी त्यांच्याबरोबर एसटीने गेले. आत जाताना ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानामागे खोचली, आमच्याकडचे सुतार खोचतात तशी. मी बाहेर निंबाखाली तीन तास बसले. त्या तीन तासांत मी जेवढी नखं खाल्ली तेवढी स्वतःच्या परीक्षेत खाल्ली नव्हती.

सुटल्यावर ताई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी माझ्या हातात प्रश्नपत्रिका दिली. मी तिसऱ्या प्रश्नापर्यंत आले आणि तिथेच थांबले. सोपे रूप द्या. वर क घन वजा नऊ क. खाली क वर्ग अधिक तीन क. दुसरं कुठलंही अक्षर नाही, आणि अवयव पाडले की एकटा क वरही आणि खालीही, नको म्हटलं तरी समोर.

निकाल जूनमध्ये लागला. ताई पास झाल्या, गणितात काठावर का होईना. पावसाळ्यानंतर आर्णीकडच्या एका गावी त्यांना जागा मिळाली. मुलीला आणि एका ट्रंकेला घेऊन त्या गेल्या, आणि त्यांची मुलगी पुढे शिकून मास्तरीण झाली. ते मालक कधी परत आले नाहीत, आणि ते गेल्याची खबरही कधी आली नाही. पण त्या दुपारी निंबाखाली यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

मी प्रश्नपत्रिका उलटली. मागच्या कोऱ्या बाजूला ताईंनी पेन्सिलीने कच्चं काम केलं होतं. सगळ्यात वर लिहिलं होतं, क ऐवजी म मानू. ते खोडलेलं होतं. त्याखाली अवयव. वर क, क वजा तीन, क अधिक तीन. खाली क, क अधिक तीन. कंसावर ठसठशीत काट. आणि एकट्या कवर, वर एक आणि खाली एक, केसाएवढी बारीक काट. अक्षर तिच्यातून पूर्ण दिसत होतं. उत्तर, क वजा तीन. बरोबर होतं.

अवयवांच्या बाजूला आणखी एक ओळ होती. ती काटांच्या आधी लिहिलेली होती हे कळत होतं, कारण काट मारताना पेन्सिल तिच्यावरून थोडी घसरली होती. नियमाने बघायचं तर कंसासाठीही तशीच ओळ लिहायला हवी होती, म्हणजे एक अट राहिली होती. मी बोलले नाही. एवढी अक्कल मला तोवर आली होती.

मी फक्त म्हणाले की ताई, हे लिहायला कोणी सांगितलं नव्हतं, पेपरात लिहिलं असलं तरी याचे मार्क मिळत नाहीत.

"लिहिलं पेपरातही," ताई म्हणाल्या. "मार्कासाठी नाही लिहिलं, बाई."

मग माझ्या हातातल्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं. आजूबाजूला परीक्षेची पोरं, एसटीची वाट पाहणारी माणसं, भर दुपार. ओरखडलेलं ते बोट एकेका शब्दाखालून सरकवत, जे अक्षर मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं त्या अक्षरापासून सुरुवात करून, त्यांनी ती ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली.

"क शून्य नाही."